धरून ठेवलेली गोळी

अंधेरी पूर्वेला, कारखान्यांच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात, मागच्या खोलीत पिनबॉलचं मशीन होतं. कुठल्याशा क्लबातून मोडीत निघालेलं, एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. सत्तरच्या दशकात आमच्यासारख्या कारखान्यातल्या पोरांना एवढी चैन पुष्कळ होती. चार आणे टाकले की पोलादी गोळ्या मिळायच्या. खालच्या टोकाला दोन आखूड दांड्या. बाजूची बटणं दाबली की त्या उडायच्या आणि गोळी वर फेकायच्या. दोन्हींच्या मधून निसटली की गोळी गेली.

नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. नंबर लावायचा तर काचेच्या कडेला नाणं ठेवायचं. मशीनला टेकायचं नाही, कारण जरा धक्का बसला की ते रुसायचं, दिवे विझायचे आणि खेळ खलास. गोळी चालू असताना खेळणाऱ्याशी बोलायचं नाही, हॉटेलला आग लागली तरी. आणि कुणाला मध्येच जावं लागलं, तर शेजारच्याने बटण दाबून त्याची गोळी दांडीवर अडवून धरायची. धरायची फक्त, मारायची नाही.

त्या रविवारी माझा मालवणी मित्र सकाळपासून खेळत होता. आम्ही एकाच मशीनशॉपात कामाला. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. आधीचं मूल पोटातच गेलं होतं. आता दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या, कुडाळला दवाखान्यात नेलंय, अशी तार आली होती. मेव्हणा ट्रंक कॉल करणार होता आणि आसपास फोन होता तो हॉटेलच्या गल्ल्यावर. गावची एसटी संध्याकाळी होती. तोवर करणार काय? आम्ही सगळ्यांनी काचेवरची नाणी मुकाट्याने उचलली आणि मशीन त्याला देऊन टाकलं.

दुपारी वेसाव्याचा एक दांडगा गडी आला. खोलीत नवा होता. त्याने ऐटीत नाणं ठेवलं आणि कमरेवर हात देऊन उभा राहिला. तेवढ्यात गल्ल्यावरचा फोन वाजला. शेठने हाक मारली, "कुडाळ!"

"धर रे," मित्र म्हणाला आणि धावला. मी बटण दाबलं. गोळी दांडीच्या कुशीत येऊन थांबली.

दारातून त्याची पाठ दिसत होती. "हॅलो! हॅलो! मोठ्यान बोल!" तो ओरडत होता. मग नुसताच उभा राहिला, रिसीव्हर कानाला लावून. लाइन तुटली होती की तो ऐकत होता, काही कळेना.

"ए, मार ना!" वेसावकर म्हणाला. "झोपलास काय?"

"त्याची गोळी आहे."

"मग त्याला बोलव. माझा नंबर आहे." असं म्हणून त्याने पंजा काचेवर टेकवला. मशीन आखूड पायावर डुललं, दिवे लुकलुकले, पण विझले नाहीत. माझं डोकं सणकलं. एरवी मी त्याला तिथेच आडवा केला असता, निदान तसा प्रयत्न तरी केला असता, पण एक हात बटणावर अडकलेला आणि दुसरा उगारला तरी मशीन हललं असतं. आयुष्यात मी एवढा सभ्य कधीच नव्हतो.

"हात काढ," मी दात खाऊन म्हणालो. "त्याची बायको अडलीय गावाला. तिकडचा फोन आहे तो."

त्याने पंजा असा उचलला जणू काच तापली होती. मग खाली वाकून त्याने सरकलेला पुठ्ठा पायाखाली नीट बसवला आणि मशीन तसंच धरून राहिला. माझं बोट बधिर झालं होतं. आता आम्ही दोघेही दाराकडे बघत होतो.

मित्र आला. चेहऱ्यावरून काही वाचता येईना. त्याने माझ्या बोटावर बोट ठेवलं, मी अलगद माझं काढून घेतलं आणि त्याने गोळी मारली.

आता विचारायचं कसं? गोळी चालू होती. तो असा खेळला की तसा मी त्याला कधी पाहिला नव्हता. गोळी खाली येई आणि तो ती परत वर पाठवी, घंट्या वाजत, आकडे फिरत. आधी मला वाटलं, आनंदाने खेळतोय. मग हळूहळू कळायला लागलं की त्याला ती गोळी संपू द्यायची नाहीये.

शेवटी गोळी मधून निसटली.

तो काचेकडे बघत म्हणाला, "बायल वाचली." आणि मग, "पोर नाय."

मागून कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. मित्र वळायला लागला, आमच्याकडे, आमच्या तोंडांकडे, आणि त्याची हनुवटी थरथरायला लागली.

वेसावकराने काचेवरचं आपलं नाणं उचललं, मशीनमध्ये टाकलं आणि बाजूला झाला.

"खेळ," तो म्हणाला.

मित्राने नवी गोळी सोडली. एसटीची वेळ होईपर्यंत आम्ही आळीपाळीने नाणी टाकत राहिलो, आणि त्याच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही.