बोंबलांवरची डिस्क

आज सकाळी शेजाऱ्याच्या बांबूच्या वलांडीवर, वाळत घातलेल्या बोंबलांच्या वर, एक जुनी डिस्क दोरीला लखलखत होती. कावळे बुजावेत म्हणून आमच्या घिवलीत अशा टांगतात. मी मान वळवली.

थोरल्या मुलीच्या लग्नाची डिस्क मी मुद्दाम भारीतली करून घेतली होती. ब्लू-रे. चित्र आरशासारखं दिसतं, असं आळीभर सांगितलं होतं. त्या लग्नात बायकोने धवले, आमची लग्नाची गाणी, म्हटले होते. डिस्क बघायला आळी घरी जमली, तेव्हा स्वतःचा आवाज ऐकायला ती पदर सावरून सगळ्यांच्या पुढे बसली. धाकट्या मुलीने लॅपटॉपात डिस्क घातली. नुसती घरघर झाली, पडदा काळाच. मी डिस्क काढून लुंगीला पुसली, परत घातली. काळाच.

"बाबा, डिस्क बरी हाय. या लॅपटॉपला ती वाचता येत नाय. पालघरवरून वेगला प्लेअर आनते मी."

"नाखवा, तुमचा आरसा आंधला निंगाला!" कोणीतरी ओरडलं आणि आळी हसली.

"चार बुकं वाचून मला शिकवतेस?" असं म्हणत मी उठलो, डिस्क सुतळीला बांधली आणि बोंबलांवर टांगली. कोणाला काढू दिली नाही.

बायको एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. कावल्यांना तरी दिसेन मी."

उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने डिस्क पावसाळ्याआधीच पांढरी पडली. पुढे बायको गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता, लग्नाच्या फोटोवाल्याकडेसुद्धा नाही. धाकटीने मला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.