ताईच्या मापाचा कागद

शोभाताईला शेवटचं पाहिलं ते दिवाळीत, देऊळगाव राजाला माहेरी गेले तेव्हा. फराळाच्या डब्यात घालायला कागद हवा होता. तिनं जुन्या कॅलेंडरचं पान मधोमध दुमडलं, अंगठ्याच्या नखानं घडी दाबली आणि सरळ फाडलं. मी विचारलं, "छापखान्यात जातेस का गं?" "काऊन जाऊ? मले तिथं आता कोण विचारते..." एवढंच म्हणाली.

वडिलांमागे छापखाना तिनंच चालवला. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, ती परत आली आणि मशीनला भिडली. मला तिनं एकदा ए-थ्रीचा कागद दुमडून दाखवला होता. "हे पाह्य मंदे, अर्धा केला की ए-फोर. त्याचा अर्धा ए-फाइव्ह. लहान झाला, पण बांधा तोच. लीगलचा लांब कागद दुमडून पाह्य, बुटका होते." म्हणून छोट्या पत्रिकेची मोठी करताना तिची एक ओळही कधी कापली गेली नाही. तेरवीच्या कार्डावरचा फोटो जरा ओढलेला निघाला, तरी ती सगळा गठ्ठा पुन्हा छापायची. "मेल्यावर तरी माणसाले त्याचं तोंड राहू द्या," म्हणायची.

मग आमच्या भावानं, दादानं, फ्लेक्सचं मशीन आणलं. "ताई, आता तू आराम कर," म्हणत किल्ली काढून घेतली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

ती गेल्याचा फोन आला... मी साखरखेर्ड्याहून पोचले, तर चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलेला. तिचा उभा फोटो दादानं आडव्या फ्लेक्सभर ताणला होता. निमुळत्या चेहऱ्याची माझी बहीण भोपळ्यासारखी दिसत होती. खाली त्याच्याच दुकानाचं नाव ठसठशीत.

"कोण पाह्यते एवढं?" दादा म्हणाला. "बाजूनं जागा रिकामी दिसत होती."

मला त्याचा राग आला. अजून आहे, आणि तो जावा असं वाटतही नाही.

आमच्याकडे उतरवलेला फ्लेक्स कोणी फेकत नाही, गुरांच्या कुटाराच्या गंजीवर झाकायला टाकतात. तेरवीनंतर मी छापखान्याच्या मागच्या खोलीत गेले, तर दादानं तो ताईच्या जुन्या मशीनवर टाकला होता, चेहरा वर. मी ओढून काढला.

"अवं, धूळ बसंल त्याच्यावर," दादा म्हणाला. "उद्या मशीन घेणारा येऊन राह्यला पाहाले."

मी फ्लेक्स गुंडाळून काखेत मारला आणि मशीन उघडंच ठेवलं. आधीची धूळ तर होतीच, अजून बसू दे. घेणाऱ्याला तरी दिसेल, ताईला इथं किती दिवस येऊ दिलं नाही ते.