रविवारी भोंग्यातून मावशी बोलायच्या

वस्तीतल्या मावशींच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे विहारातल्या त्यांच्या शोकसभेला, मी गेले होते. वंदना झाली, दोन माणसं दोन शब्द बोलली, चहा फिरला. माझा कप अजून हातातच होता, तेवढ्यात विहाराच्या भोंग्यातून मावशी बोलायला लागल्या. "ताडपत्री नसलेली गाडी दिसली का बाहेर या. घरात बसून शिव्या देऊन काय फायदा? ऐकून राहिल्या ना वं?" चहा माझ्या साडीवर सांडला. तो आवाज मीच रेकॉर्ड केला होता, मीच कापला-जोडला होता, त्यातला एकूण एक श्वास मला पाठ होता. तरी अंगावर सरसरून काटा आला. बाई जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि ती आपल्याच फोटोसमोर आम्हा सगळ्यांना दटावत होती.

माझ्या शेजारी बसलेली बाई माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "रविवार आहे ना."

मावशींची ही वस्ती शहराबाहेर, अमरावती रोडने वाडीच्या बरीच पुढे आहे, गोदामं विरळ होतात तिथे. शेजारी कोळशाचा डेपो. मालगाडीतून उतरलेला कोळसा तिथे ढिगाने पडतो, ट्रकमध्ये भरला जातो आणि वारा असेल तसा कुणाच्या ना कुणाच्या घरात शिरतो. दोरीवर पांढरं काही वाळत घालायची सोय नाही. माठावर झाकण, झाकणावर फडकं, आणि फडक्यावर पुन्हा काजळी. डेपो आणि घरं यांच्यामध्ये एक मोकळं मैदान आहे. मावशींनी बायांना हाताशी धरून त्या मैदानाच्या कडेने कडुनिंब आणि करंज लावले होते. दिवसभर लग्नाच्या पंगतीच्या पोळ्या लाटून आलेल्या बाया संध्याकाळी हंडे घेऊन झाडांना पाणी घालायच्या. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भरून वगैरे आलं नाही, राग आला. ज्यांनी घाण केली त्यांनी झाडं लावायची सोडून ह्यांनी का लावायची?

पण मी तिथे पोचले कशी ते सांगायला हवं. मी रेडिओवर कंत्राटी निवेदिका होते. कार्यक्रम बंद झाला आणि मी धरमपेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत बसून जगावर चिडायला लागले. एका दुपारी अंबाडीची भाजी निवडताना मोबाईलवर अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय बाईंचा पॉडकास्ट लागला. कसा लागला देव जाणे, म्हणजे आमच्याकडे देवही नाही. त्या बाई आपल्या वस्तीजवळच्या कारखान्याबद्दल बोलत होत्या. इंग्रजी भरभर होतं, मागे नेऊन नेऊन ऐकावं लागत होतं. पण आई धुतलेले कपडे घराबाहेर वाळत घालू द्यायची नाही, हे त्यांनी सांगितलं आणि माझ्या हातातली काडी तशीच राहिली. माझी आईही घालू द्यायची नाही. माझं बालपण अशाच एका धुराच्या कडेला गेलेलं. समुद्रापलीकडची एक अनोळखी बाई माझ्या घरातली गोष्ट सांगत होती, आणि ती रडत नव्हती. आपल्या गल्लीतल्या बाया कशा एकत्र आल्या, कुणी काय केलं, पुढे काय करायचं, हे ती हक्काने सांगत होती. तिच्या कार्यक्रमात दर वेळी तिच्यासारखीच एक बाई यायची. त्या स्वतःला कुणाच्या दयेचा विषय करून घेत नव्हत्या, पुढारी म्हणून बोलत होत्या.

आपल्याकडे पर्यावरण म्हटलं की कोण बोलतं हे मला रेडिओमुळे चांगलं ठाऊक होतं. खादीचा कुडता, मंद आवाज आणि वाघ. कोळशाच्या डेपोशेजारच्या आमच्या बाईला कुणी स्टुडिओत बोलावलेलं मला आठवत नाही. बोलावलंच तर रडायला बोलावतात. मग मीच तसा पॉडकास्ट सुरू केला. कपाटाचं दार उघडायचं, गोधड्यांच्या अंगाला माईक टेकवायचा, की आवाज घुमत नाही. माझी प्रस्तावना घरी व्हायची आणि बायांचं बोलणं त्यांच्या वस्तीत जाऊन. मावशी माझ्या पहिल्या पाहुण्यांपैकी. माईक बघून त्या लाजल्याबिजल्या नाहीत. "हे कोन-कोन ऐकन?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, कुणीही ऐकेल. "मंग आपल्या बायाईले पहिले ऐकव," त्या म्हणाल्या.

आता बायांनी ऐकायचं कसं? मोबाईल नवऱ्याच्या खिशात, नाहीतर पोराच्या हातात. त्यावर तोडगा मावशींनीच काढला. रविवारी वंदनेनंतर विहाराचा भोंगा मोकळाच असायचा. त्यावर भाग लावायचा. माझं ऐकणारं जग तेव्हा फार मोठं नव्हतं, पण त्या वस्तीत घराघरांत ऐकायला जायचं. दुसऱ्या वस्त्यांतल्या बायांचे भागही लागायचे. कुठे तळ्यात कचरा टाकू न देणारी, कुठे नाल्याच्या कडेला बांबू लावणारी. मावशींचा भाग मात्र पुन्हा पुन्हा लागायचा, कारण बायाच मागायच्या. आणि फरक पडला, हे मी छातीठोकपणे सांगते. बाया रस्त्यावर उतरल्या, ट्रक अडवले, ताडपत्र्या आल्या, रस्त्यावर पाणी मारायला टँकर यायला लागला. त्या दिवसांत मी हवेत होते.

मग थंडीत मावशींचं छातीचं दुखणं वाढलं आणि त्या गेल्या. त्यांच्यामागे एक मुलगी, गांधीबागेत साड्यांच्या दुकानात कामाला.

मावशी गेल्यावर त्यांचा आवाज माझ्याही मागे लागला. दुसऱ्या कुणाचा भाग तयार करताना कानात हेडफोन असायचा, आणि एखाद्या वाक्याच्या आधी मला त्यांचा श्वास ऐकू यायचा. बोलायच्या आधी त्या नाकाने एक लांब श्वास घ्यायच्या, ओझं उचलताना घेतात तसा. मी फाईल थांबवायचे, मागे न्यायचे. तिथे काहीच नसायचं. भरदुपारी, बाहेर भाजीवाला ओरडत असताना, मी कपाटात डोकं घालून मेलेल्या बाईचा श्वास शोधत बसायचे. घाबरायचे, आणि तो सापडला नाही की वाईटही वाटायचं.

अशातच खबर आली की डेपोला ते मैदान हवं आहे. मैदान गेलं की कोळसा थेट घरांच्या भिंतीला लागणार. झाडं तर जाणारच. जनसुनावणी ठरली. बायांनी सांगितलं, आम्ही बोलू. मला वाटलं मुलीनेही बोलावं. मी गांधीबागेत तिच्या दुकानात गेले.

गिऱ्हाईक नव्हतं. ती उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालत होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि घडीवरची नजर न काढता बोलायला लागली.

"ताई, विहाराची न् आमची भित एकच आहे. रविवारी मी भात टाकतो न् माय बोलायले लागते. मिक्सर लावतो, नळ सोडतो, तरी ऐकू येते. तुमी लोक तिले मरू देऊन नाही राहिले."

"बंद करायला सांगू का मी?"

"मंग बाया म्हनतीन, पोरगी मायले विसरली."

मी चिकाटीने पुन्हा म्हटलं, "सुनावणीत तू दोन शब्द बोललीस तर..."

"मी काहून?" तिने साडी खणात ठेवली. "माय बोलून राहिली ना. मेल्यावरबी तेच बोलून राहिली. माह्यी काय गरज?"

एवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि तिचा चेहरा लगेच दुकानातला झाला. मी जिना उतरले. मला तिचा राग आला होता, आणि ती खरं बोलली याचा त्याहून जास्त.

सुनावणी त्याच मैदानात होती. मांडव, खोळी घातलेल्या खुर्च्या, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. एक अधिकारी, त्यांच्या बाजूला लॅपटॉप घेतलेले बाबू, डेपोतर्फे आलेला एक जण, चित्रीकरण करणारा एक माणूस. वस्तीतल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. या वस्तीत पांढरं नेसून बाहेर बसणं हेच एक भाषण होतं. मी हेडफोन लावून कडेला माईक धरून उभी होते. दुसऱ्या बाजूला, मांडवाच्या खांबाला टेकून, मावशींची मुलगी. अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली होती. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

पहिली बाई उठली. तिने नाकाने एक लांब श्वास घेतला आणि बोलायला लागली. "साहेब, आमच्या चुलीवर भात पांढरा चढते न् खाली उतरेपर्यंत काळा होते..." हे मावशींचं वाक्य होतं. त्याच्या पुढचंही मावशींचं. शेवटी तिने विचारलं, "ऐकून राहिले ना जी?"

दुसरी उठली. पुन्हा भात पांढरा चढला आणि काळा उतरला. तिसरीने तर मावशी जिथे खोकल्या होत्या तिथे खोकून घेतलं. तो खोकला भागात मी ठेवला होता, कारण तो खरा होता. हेडफोनमधून ऐकताना चेहरे नाहीसे होतात. मला एकच बाई ऐकू येत होती, कधी तरुण, कधी म्हातारी, कधी सर्दी झालेली, पुन्हा पुन्हा जागेवरून उठणारी. मी डोळे मिटायला धजले नाही.

विहारात वंदना म्हणायची रीतच अशी आहे. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी तिच्या मागून. लहानपणापासून ते अंगवळणी पडलेलं असतं. चांगलं बोलणं बदलायचं नसतं, जसंच्या तसं उचलायचं असतं. मावशींचं बोलणं त्यांनी त्याच श्रद्धेने उचललं होतं. नंतर एक बाई मला म्हणाली, "तिच्यावानी चांगलं आमाले काय येते?"

बाबूंनी पहिलीचं सगळं टाइप केलं होतं. दुसरीपासून त्यांची बोटं थोडाच वेळ चालत होती. मी पुढे सरकून पडद्यावर पाहिलं. नावापुढे लिहिलं होतं, 'वरीलप्रमाणे'. त्याखाली पुन्हा 'वरीलप्रमाणे'. खालपर्यंत तेच. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"साहेब, ह्या वेगवेगळ्या बाया आहेत," मी म्हटलं.

अधिकारी भला माणूस होता. आवाजही चढवला नाही. "मॅडम, बाया वेगळ्या आहेत, पण मुद्दा एकच आहे. तो आम्ही घेतला. पाठ करून आल्यासारखं वाटतंय सगळं. कुणाला नवीन काही सांगायचं असेल तर सांगा, नाहीतर आपण पुढे जाऊ."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. नवीन त्यांच्याकडे काय कमी होतं? घराघरांत होतं. पण त्या क्षणी त्यांची तोंडं मिटली. शिकवणारी बाई मध्येच उठून गेली की वर्ग जसा बसून राहतो, तशा बसून राहिल्या. डेपोच्या माणसाने घड्याळ पाहिलं. मैदान गेलंच, असं मला स्पष्ट वाटलं. आणि मनात आलं, मावशींच्या आवाजानेच ह्यांचा आवाज खाल्ला.

तेव्हा मुलगी खांब सोडून पुढे आली. माईकसमोर उभी राहिली. तिने श्वासबीस काही घेतला नाही, थेट बोलली, आणि तिचा आवाज मावशींसारखा अजिबात नव्हता. बारीक, जरा चिरका, दुकानात भाव सांगतात तसा कोरडा.

"आत्तापर्यंत जे सांगतलं ते माह्या मायचं बोलनं आहे. ती जिती होती तवाचं. त्याच्यात एक गोष्ट नाही, कारन ती तिले सांगता येत नव्हती. ती मेली. ते मले सांगा लागते."

बाबूंची बोटं थांबली.

"कशानं मेली ते मी सांगून नाही राहिली. डॉक्टर कायबी म्हनतीन. मी एवढंच सांगतो, शेवटच्या दिवसाईत ती खिडकी उघड म्हने. श्वास पुरत नोता तिले. न् मी उघडली नाही. खिडकीच्या त्या अंगाले तुमचा कोळसा आहे, कशी उघडू? तिनं हात जोडले मले. माह्या मायनं मले हात जोडले, साहेब. तरी मी नाही उघडली." ती थांबली. "आता हे मैदान घ्यान तर खिडकीच राहनार नाही. लिवा. न् ह्याच्यापुढं वरीलप्रमाणे लिवू नोका."

अधिकाऱ्यांनी मान खाली घातली आणि बाबूंना खूण केली. टाइप होईपर्यंत ती तिथेच उभी होती, शब्द पुन्हा विचारला की पुन्हा सांगत होती.

मग मागून एक म्हातारी उठली, जी आधी बोलून बसली होती. "माह्यं येगळं आहे जी. माह्या नातीले शाळेतून घरी पाठवते, कपडे मळके म्हनून. मी रोज धुतो." तिच्यानंतर दुसरी. कुणी अडखळत होती, कुणी मध्येच विसरून हसत होती, एकीला रडू आलं म्हणून ती खाली बसली आणि परत उठली. भाषण म्हणून त्यात काही दम नव्हता. हेडफोनमध्ये मला आता प्रत्येक बाई वेगळी ऐकू येत होती. बाबू खाली मान घालून लिहीत राहिले.

निर्णय अजून आलेला नाही. मैदान आज तरी आहे.

सुनावणी संपल्यावर मुलगी आणि मी रस्त्यापर्यंत चालत आलो. तिला दुकानात परत जायचं होतं. ट्रक जात होते म्हणून दोघींनी पदर नाकाला लावला होता. रस्ता आल्यावर तिने विचारलं, "माह्यं रेकॉर्ड झालं का?"

"झालं."

"ते भोंग्यावर लावू नोका."

मी म्हटलं, बरं. पण मला राहवलं नाही. दुसऱ्या वस्त्यांतल्या बायांनी ऐकायला हवं, त्यांच्याकडेही असंच चाललंय, असं काहीतरी मी बोलायला लागले.

तिने ऑटोला हात केला आणि बसता बसता माझ्याकडे वळून म्हणाली, "मी जिती आहे ना ताई. मले बोलवा. मी येईन."