सोळा आण्यांची मोहाची

सदर इसम नामे मनसाराम, वय अंदाजे साठ, राहणार तालुका धानोरा, हा मोहाच्या दारूचा मानद परीक्षक आहे. जिल्ह्यात नुकतीच दारूबंदी झाल्याने हे पद अस्तित्वात नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी गाव त्याला बोलावी. पळसाच्या द्रोणातून तो आधी पितरांसाठी थेंबभर भुईवर सांडी, मग एक घोट, मग निकाल. आणे केव्हाच बंद पडले होते, पण गुण तो आण्यांतच देई, आणि बाराच्या वर कोणी गेलं नव्हतं.

यंदा गोकुळाबाईच्या पोरीचं लग्न. मोह भट्टीवर करपला होता आणि व्याही समोरच बसले होते. मनसारामने तिच्या उतरलेल्या तोंडाकडे पाहिलं. पावसाळ्यात तो तापाने पडला, तेव्हा याच बाईने त्याला रोज पेज पाजून उठवलं होतं.

त्याने घोट घेतला.

"सोळा आणे!"

"भाऊ, करपल्यावानी वास येऊन राह्यला ना जी?" व्याही म्हणाले.

"तुमच्या गावात दारू नाकानं पेतेत का, इवाई?"

अंगण हसलं. व्याह्यांनी द्रोण पुढे केला आणि गोकुळाबाईने डोळ्यांना पदर लावला.

त्या तापापासून मनसारामला कशाचीच चव कळत नव्हती.