आला घरी

चहाच्या टेबलावर पाणी सांडलेलं असलं की सरांचं बोट आपोआप त्यात जायचं. ओल्या बोटाने ते एक रेघ ओढत न्यायचे, वळवायचे, पुन्हा वळवायचे आणि ती जिथून निघाली होती तिथेच आणून भिडवायचे. मग बोट उचलून म्हणायचे, "आला घरी."

चामोर्शीच्या बसस्थानकासमोर ज्यांनी कधी चहा घेतला आहे, त्यांतल्या काहींनी हे पाहिलं असेल. उंच, किंचित पोक आलेला माणूस, सायकल, हँडलला कापडी पिशवी. हा कॉलेजात गणित शिकवतो एवढं गावाला ठाऊक होतं. तो टेबलावर काय काढतो हे कोणी विचारत नसे. हॉटेलवाला फडकं घेऊन यायचा. "सर, झालं का तुमचं? पुसू?"

"पुस. पुढं आता तेच ते होनार हाये."

हा विनोद नव्हता. हेच त्यांचं संशोधन होतं. एखादी गोष्ट सतत बदलते आहे आणि ती कशी बदलते याचा नियम ठरलेला आहे. फिरत फिरत ती सुरुवातीच्या अवस्थेत नेमकी परत आली, तर पुढचा प्रवास पुन्हा जसाच्या तसा होणार. अशा समीकरणांत ही परतणारी वाट आहे की नाही, हे सिद्ध करण्यात सरांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्ती जवळ आली असताना त्यांना डॉक्टरेट मिळाली.

आमची ओळख त्याच बातमीमुळे झाली. कॉलेजने प्रबंधाचं नाव इंग्रजीत पाठवलं होतं. त्यात 'पिरिऑडिक सोल्यूशन्स' असे दोन शब्द होते. आमच्या पेपरच्या संपादन विभागात पानं लावायची घाई होती. दुसऱ्या दिवशी चार कॉलमी मथळा छापून आला: 'पाळीच्या त्रासावर उपाय शोधला, चामोर्शीच्या प्राध्यापकाला डॉक्टरेट'. खाली सरांचा फोटो, नावामागे 'डॉ.'.

मी पेपरच्या गडचिरोली कार्यालयात बातमीदार होतो. दुरुस्तीचा मजकूर ठरवायला मला पाठवण्यात आलं. सर चिडले असतील असं धरून गेलो होतो. त्यांच्या ओट्यावर तीन बायका बसलेल्या होत्या. आतून सरांच्या पत्नीचा आवाज येत होता, "आता मी काय सांगू या बायायले? तुमीच सांगा तुमचं सोल्यूशन."

सर बाहेर आले आणि मला म्हणाले, "भाऊ, बसा. तुमचा नंबर चौथा हाये."

तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर दुरुस्ती आली: सदर संशोधन आजारावरील नसून समीकरणांवरील आहे. ती कोणी वाचल्याचं ऐकिवात नाही. बायका येत राहिल्या. सर प्रत्येकीला पाणी देत, काय होतं ते विचारत आणि ग्रामीण रुग्णालयात कोणत्या दिवशी बाईडॉक्टर असतात ते सांगत. एकीने जाताना विचारलं, "मंग तुमी कायचे डॉक्टर हा?" सर म्हणाले, "वाटेचा."

त्याच गर्दीत मुलचेऱ्याच्या बाजूची एक बाई आली. नवरा तलावात मासे धरायचा, ती टोपली घेऊन गावोगाव विकायची. सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी होती, काजल. दुखणं पाळीचं नव्हतं. काजलला सिकलसेल होता. या जिल्ह्यात तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. रक्तपेशी वाकड्या होतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि हातापायांत, पाठीत असह्य कळ उठते. निदान झालेलं होतं, गोळ्या चालू होत्या. पेपरातली बातमी त्या बाईला कोणीतरी वाचून दाखवली होती. त्यातलं तिला एकच कळलं होतं, की जे पुन्हा पुन्हा येतं त्यावर या माणसाने काहीतरी काढलं आहे.

मी तेव्हा तिथे होतो. सरांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, "बाई, मी औषधवाला नोहो."

"औषध तं सरकारी हाये सर. मले औषध नोको. हे कळ कधी येते तेवढं सांगा." ती ओट्याच्या कडेवर टेकली. "आमच्या गावाले नाला लागते. पावसात पूर आला का चार-चार रोज गाडी नाई. मांगच्या साली पोरगी पुरात दुखू लागली तं मी आन तिचा बाप दोघं नुसते बसून राह्यलो तिच्याजवळ. कधी येते ते मालूम असन तं आधीच इकडं आनून ठेवीन."

सर तिच्यासमोर ओट्यावर बसले. एवढा नेमका प्रश्न त्यांना त्यांच्या तोंडी परीक्षेतही कोणी विचारला नव्हता.

त्यांच्या ओट्यावर शिकवणीचा फळा होता. त्या दिवसापासून त्याच्या एका कोपऱ्यात काजलची कळ सुरू झाली. दुखणं उठलं की तिची आई शेजाऱ्याच्या मोबाइलवरून फोन करायची. "सर, आज आली." सर ताप होता का, थंडी होती का, पोर पाणी किती प्यायली, असं सगळं विचारायचे आणि खडूने एक ठिपका द्यायचे. विद्यार्थ्यांना तो कोपरा पुसायची बंदी होती. आई बाजारासाठी चामोर्शीला आली की सुकी झिंगुरं, तलावातली बारीक कोळंबी, घेऊन यायची. ती पिशवी सायकलला लटकून वर्गापर्यंत जायची आणि वासाने वर्गातला मागचा बाक त्या दिवशी खिडकीकडे सरकायचा.

ठिपके वाढले. सर त्यांतून रेघा ओढायचे, पुसायचे, पुन्हा ओढायचे. वर्षभर मी जेव्हा जेव्हा त्या रस्त्याने गेलो, तेव्हा तो कोपरा पाहिला. रेघ कुठेही घरी आली नव्हती.

उन्हाळ्याच्या शेवटी मायलेकी पुन्हा आल्या. आईने पदर खोचला आणि विचारलं, "मंग सर, निंगालं का?"

सरांनी पत्नीकडून जेवणाचं ताट मागवलं. "हे पाहा बाई. या ताटात एक मुंगी हाये. तिनं ताटाभाईर जायचं नाई, थांबायचं नाई आन आपलीच वाट आडवी कापायची नाई. मंग ते काय करन?"

आई म्हणाली, "काय करन? घुमन."

"बराबर. घुमत घुमत शेवटी एका गोल वाटेले लागन. तिचं सांगता येते." मग त्यांनी खोल पातेल्यासारखा गंज मागवला. त्यांच्या पत्नीने तो भातासकट आणून आपटला. सरांनी झाकण उचलून पुन्हा लावलं. "आन या गंजात माशी हाये. तिलेबी तेच नियम. पन तिले वर-खाली जायले जागा हाये. वाट न कापता वरून जाते, खालून जाते. ते कधी घरी येईन, येईन का नाईच, कोनीच नाई सांगू शकत."

काजलने गंजाचं झाकण किंचित उचलून पाहिलं. तिने विचारलं, "मंग मी मुंगी का माशी?"

सरांच्या पत्नीला हसू आलं. सर हसले नाहीत. मुलीच्या अंगात एकाच वेळी किती गोष्टी बदलत असतात, ते त्यांनी वर्षभर फोनवर विचारलं होतं. पाणी, ताप, थंडी, थकवा, आणि त्यांना माहीत नसलेलं आणखी कितीतरी.

"माशी," ते म्हणाले.

आईला उत्तर कळलं. ती उठायला लागली. तेव्हा सर घाईघाईने म्हणाले, "बसा ना. मले कधी ते सांगता येत नाई. म्हनून पोरीले अख्खा पावसाळा इथीच ठेवा. शाळा समोर हाये, तिथं मी सांगून बसवतो, दवाखाना मांगं हाये."

पत्नीने त्यांच्याकडे पाहिलं. मग काजलला विचारलं, "भात खातेस का पोळी?"

तो पावसाळा काजल तिथे राहिली. कळ एकदाही आली नाही. ती हिवाळ्यात आली, गावी, रस्ता कोरडा असताना. पुढच्या पावसाळ्यात काजल पुन्हा राहायला आली. एका दुपारी शाळेतून परतताना ती ओट्याजवळच खाली बसली. सरांनी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं, पत्नीने मागून धरलं आणि तिघं रुग्णालयात पोहोचले. सलाइन लागलं, इंजेक्शन मिळालं, संध्याकाळी मूल झोपलं. त्याच आठवड्यात मुलचेऱ्याकडचा रस्ता पुराने बंद होता. ती बातमी मीच दिली होती.

मी भेटायला गेलो आणि म्हणालो, "सर, तुमचं गणित जुळलं."

ते फळ्याकडे पाहत होते. "हे गनित नोहे भाऊ. हे तं नुसतं घर हाये."

त्या पावसाळ्यात काजलने त्यांची नक्कल उचलली होती. ताटात वरणाचं बोट फिरवून ती म्हणायची, "आला घरी." सर तपासायचे. "कुठी आला? थोडा भाईरच राह्यला." ती बोट चाटून टाकायची.

गेल्या उन्हाळ्यात सर नागपूरला मुलाकडे गेले होते. तिथेच हृदयविकाराने गेले. निधनाची बातमी मी लिहिली. प्रबंधाचं नाव संपादन विभागाला फोन करून दोनदा तपासून घेतलं. या वेळी ते बरोबर छापून आलं.

काजलच्या घरी पेपर येत नाही. मृगाच्या तोंडावर सरांच्या पत्नीचा मला नागपूरहून फोन आला. "भाऊ, त्या दोघी येऊन बसल्या हायेत ओट्यावर. घराले कुलूप पाहून सरच्या फोनवर फोन लावला. मी उचलला, सर गेले ते सांगितलं. आता पुढं काय सांगू? मी इथी. तुमी जाऊन पाहता का?"

मी गेलो. आई पायरीवर बसली होती, शेजारी कपड्यांचं गाठोडं. झिंगुरांची पिशवी दाराच्या कडीला अडकवलेली होती. शेजारणीने पाण्याची बाटली भरून दिली होती.

मी तिथूनच फोन केले. वसतिगृहात जागा नव्हती आणि मुलीचं नाव गावच्या शाळेत होतं, दाखला काढून आणा म्हणाले. रुग्णालयात ओळखीच्या डॉक्टरांनी सौजन्याने ऐकून घेतलं. "बरी असताना भरती कशी करणार? दुखायला लागलं की लगेच आणा." दोन्ही उत्तरांत काही चूक नव्हती. मी ती आईला जशीच्या तशी सांगितली. माझी भाड्याची खोली गडचिरोलीला, मी दिवसभर बाहेर. तेही सांगितलं, तिने विचारलं नसताना.

"पाहू," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "सरले काई दुखलं का जास्त?"

"नाही. एकदमच गेले."

"मंग बरं झालं."

फळा भिंतीवर तसाच होता. कोपऱ्यातले ठिपके अर्धे उडाले होते, रेघ एकही नव्हती. काजलने बाटलीतल्या पाण्याने बोट ओलं केलं आणि ओट्याच्या फरशीवर रेघ ओढायला सुरुवात केली. वळवली, पुन्हा वळवली. पोर उंच झाली होती, मनगटं तशीच बारीक होती. आईने गाठोडं उचललं.

"चल वं, गाडी जाईन."

काजलने बोट उचललं. 'आला घरी' म्हणाली नाही. दोघी रस्ता ओलांडून स्टँडकडे गेल्या. मुलचेऱ्याची बस उभी होती, आणि तिच्यामागे, त्यांच्या गावाच्या दिशेला, आभाळ काळं होतं. मी रेघ पाहायला खाली वाकलो. फरशी तापलेली होती. रेघेची सुरुवात वाळून गेली होती, शेवट अजून ओला होता.