नंबर नोको, नाव घ्या

करडी गावचे आमचे सर तुमसरला येऊन आम्हाला जावास्क्रिप्ट शिकवतात. "धानाची एक बांधी भरली का पानी दुसरीत जाते, तसाच लूप," असं रोज एकदा तरी म्हणतात. विद्यार्थ्याच्या कीबोर्डला हात लावत नाहीत. हजेरी नंबराने नाही, नावानेच घेतात आणि प्रत्येक नावाला मान वर करून चेहरा बघतात. बपेऱ्याची सुनंदा लग्न ठरल्यापासून येत नाही. तिच्या नावाला ते रिकाम्या खुर्चीकडे बघतात.

परवा मी वर्गातल्या नावांची यादी करून एकेक नाव पडद्यावर आणायला लूप चालवला. पडद्यावर नावांऐवजी ०, १, २, ३ आले.

"मॅडम," सर मला म्हणाले, "तुम्ही 'इन' लिहून राहिल्या, त्यानं नुसते नंबर भेटते. मानसं पाह्यजे तं 'ऑफ' लिहा."

लिहिलं, आणि नावं एकाखाली एक उतरली. सरांनी ती शेवटपर्यंत वाचली.

"सुनंदा कुठं गेली?"

"ती आता येत नाही ना, सर. म्हणून नाही घेतली."

त्यांनी माझा कीबोर्ड ओढला आणि यादीत तिचं नाव स्वतः लिहिलं.

"काढून टाकलं, तं वापस येईन तवा तिले हाक कोन मारन?"