पडद्याला उलटं पाणी

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मी एका मुलींच्या वसतिगृहात सांडपाण्याचा प्लँट चालवत होते. मोरीचं, संडासाचं सगळं पाणी एका टाकीत यायचं. तिथले जिवाणू घाण खायचे, मग पंप ते पाणी पडद्यातून ओढून घ्यायचा. पडदा म्हणजे कापड नव्हे. वाळत घातलेल्या शेवयांसारखे पोकळ पांढऱ्या नळ्यांचे जुडगे. पलीकडे निघायचं ते नितळ पाणी फ्लशला आणि फरशीला. त्याच्याच जिवावर साठ पोरी तिथं टिकून होत्या, आणि डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

दर थोड्या वेळानं मशीन थांबायचं आणि गाळलेलं थोडं पाणी पडद्यातून उलटं सोडायचं, चिकटलेला गाळ सुटावा म्हणून. ते पाणी परत घाणीच्या टाकीत पडायचं. माझ्या डोळ्यांदेखत! मी मुदखेडची. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला आणि म्हैस धुतलेलं पाणी दोडक्याच्या वेलाला, अशा घरात वाढलेली. मला ते बघवेना. एक दिवस उलट्या पाण्याचा व्हॉल्व्ह मी गच्च आवळला आणि कुणाला बोलले नाही. आठवडाभर नितळ पाण्याची टाकी जास्त भरली, रेक्टर बाई खूश. मी तर स्वतःला लई शहाणी समजून राहिले होते.

आठव्या दिवशी पंप कण्हायला लागला. नवव्या दिवशी धार करंगळीएवढी झाली, दहाव्या दिवशी तीही बंद. कंपनीचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "पडदा गेला मॅडम. नवा यायला महिना लागेल."

"गेला काय गेला? माणूस गेल्यावानी बोलू नका!" मी फोन आपटला. पडदा गेला नव्हता, मीच त्याचा गळा दाबला होता.

रेक्टर बाई जुन्या लातूरकर. म्हणाल्या, "नवा जिल्हा झाला तवापासून ऐकून राहिले, नळाला रोज पाणी येईल म्हणून. आता तुमचं मशीनबी तसंच निघालं. परवा सकाळपर्यंत थांबते, न्हाई तर पोरी घरी पाठवते." घरी गेलेली पोरगी परीक्षेला परत येतेच असं नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

इलाज मला माहीत होता. पडदा वर काढायचा, धुवायचा, आधी ब्लीचच्या पाण्यात भिजवायचा, खळाळून धुवून मग लिंबूसत्त्वात. पण त्यालाही स्वच्छ पाणी हवं, आणि आमची टाकी कोरडी. उरली होती पोरींना टँकरमधून रोज मिळणारी एकेक बादली.

मेसमध्ये सगळ्यांना गोळा केलं आणि सांगून टाकलं, "चूक माझी हाय. पाणी वाचवायला उलट्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि मशीन बुडवलं. उद्याची आंघोळीची बादली मला द्या." देगलूरची एक फटकळ पोरगी उठली. "ताई, आधी सांगायचं की! माझ्या आईनं तर तो व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी बंद केला असता." सगळ्या खो खो हसल्या. मी मात्र रडले, उगाच का लपवू?

सकाळी साठ बादल्या दारात. साखळीच्या कप्पीनं पडदा वर आला तो काळ्या शेवाळी चिखलानं बरबटलेला. दिवसभर ब्लीच, रात्रभर लिंबूसत्त्व. किराणावाले आप्पा म्हणाले, "एवढ्याचं सरबत? लग्न हाय का काय?" "हाव, मशीनचं!" म्हटलं मी.

मुदतीच्या सकाळी पडदा टाकीत सोडला, आवळलेला व्हॉल्व्ह उघडला आणि पंप लावला. पंपाला लागणाऱ्या जोराचा काटा सरकन खाली आला आणि मनगटाएवढी धार सुटली. पोरी गच्चीवरून किंचाळल्या. मी तर नाचलेच, वयाची लाज सोडून!

तेवढ्यात मशीन थांबलं आणि चांगलं पाणी उलटं, परत घाणीत जाऊ लागलं. "अगं अगं, पाणी!" म्हणत रेक्टर बाई व्हॉल्व्हकडे धावल्या. मी त्यांचं मनगट धरलं.

"हात लावाल तर याद राखा, बाई! ते वाया जात नाही. फिरून आपल्याकडंच येतं."

त्यांनी हळूच हात मागं घेतला. परीक्षेच्या दिवशी साठच्या साठ पोरी आमच्याच दारातून बाहेर पडल्या.